कोरडा टिश्यू काय सिद्ध करतो?

मागच्या वेळी आपण प्रमाणांविषयी बोललो, तेव्हा शेवटी एका गृहस्थांनी विचारलं होतं की हे सगळं रोजच्या व्यवहारात लागतं कुठे? त्याचं उत्तर म्हणून आज एक वस्तू आणली आहे. टेबलावर आहे ते पाण्याखाली कॅमेरा नेण्याचं हाउसिंग. जाड प्लॅस्टिकचा डबा, पुढे काच, मागे झाकण, आणि झाकणाच्या खाचेत रबराचं एक कडं. त्याला ओ-रिंग म्हणतात. झाकण दाबून बंद केलं की कडं चेपतं आणि फट बुजते. समुद्राला अडवणारं एवढंच असतं.

हे माझ्या भाच्याचं. चार वर्षांपूर्वी तो मालवणला प्रवाळाचं चित्रीकरण करायला निघाला होता. आदल्या रात्री पुण्यात माझ्याकडे मुक्काम. कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून त्यानं हाउसिंग तासभर बादलीत बुडवलं. उघडलं तर टिश्यू कोरडा. "मावशी, एकदम सेफ आहे," म्हणाला. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी होडीत बॅटरी बदलायला त्यानं झाकण उघडलं, टॉवेलला हात पुसले, पुन्हा बंद केलं. 6 मीटरवर काचेमागे पाणी दिसलं. ओ-रिंगवर टॉवेलचा एक धागा बसला होता, बस्स. कॅमेरा गेला, तो गेला. पण पाणी दिसताच हा घाबरून झपाट्यानं वर निघाला. प्रशिक्षकानं हात धरून ठेवला म्हणून निभावलं. वर येताना फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते. श्वास रोखून घाईनं वर येणं जिवावर बेतू शकतं.

मग त्या कोरड्या टिश्यूनं सिद्ध काय केलं होतं?

आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. 'जमिनीवर घडा नाही' हे मला कळतं कशानं? घडा दिसत नाही, यानं. पण अट आहे. अंधारात घडा दिसला नाही, तर तो नाही असं म्हणता येत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. हिला योग्य अनुपलब्धि म्हणतात. हाउसिंगच्या चाचणीचं सगळं मर्म या अटीत आहे. गळती असती, तर ती मला दिसली असती का?

आता एकेक बघू. टिश्यू कशासाठी? एखादा थेंब कोपऱ्यात दडून राहील, डोळ्याला दिसणार नाही. टिश्यूवर त्याचा डाग उमटतो. म्हणजे टिश्यू हा आपण लावलेला दिवा झाला. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं. बुडवताना नीट बघा. बाहेर चिकटलेली हवा दोन-चार बुडबुड्यांत सुटते. एकाच जागेहून बुडबुडे येत राहिले तर तिथे फट आहे. पाण्यात असतानाच सगळी बटणं दाबून बघा, कारण प्रत्येक बटणाच्या दांड्याला स्वतःचं लहान कडं असतं. भाच्यानं एकही बटण दाबलं नव्हतं. ती सगळी दारं अंधारातच राहिली.

दुसरं, खोली. बादलीतला दाब नगण्य. 10 मीटरवर मात्र हवेच्या दाबाखेरीज तेवढाच आणखी एक दाब पाण्याचा येतो. गंमत अशी की दाबानं झाकण आत ढकललं जातं, कडं अधिक चेपतं. त्यामुळे सैल झाकणाचा दोष उथळ पाण्यातच उघडा पडू शकतो. उलट बारीक तडा किंवा कमकुवत बटण खोलावरच दगा देतं. तेव्हा बादली हवीच, पण पुरत नाही. पहिल्या बुडीत हाउसिंग रिकामं न्यावं, आत फक्त टिश्यू.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यात तपासलं गेलं ते पुण्यातलं बंद करणं. होडीत झाकण उघडलं त्या क्षणी तो निकाल संपला. डबा तोच, पण बंद करणं नवं! म्हणून दर वेळी कडं बोटानं काढायचं, सुईनं किंवा चाकूनं नाही. धागा, केस, वाळूचा कण बघायचा, खाच पुसायची. ग्रीस अगदी पातळ. फट ग्रीसनं बुजत नाही, कड्यानं बुजते. जास्त ग्रीसला उलट कचराच चिकटतो. आणि ग्रीस उत्पादकानं सांगितलेलंच, कारण चुकीच्या ग्रीसनं कडं फुगतं.

काही हाउसिंगना हवा काढायची झडप असते. कॅमेरा आत ठेवून, झाकण लावून, छोट्या पंपानं थोडी हवा काढायची आणि अर्धा तास काटा बघायचा. काटा सरकला तर हवा आत शिरते आहे. इथे जे बंद करणं तपासलं, तेच पाण्यात जातं, हा मोठा फायदा. फक्त एसीतून उन्हात नेऊ नका; आतली हवा तापली की गळतीशिवायही काटा हलतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: काचेवर आतून धुकं आलं, तर गळती समजायची का?)

चांगला प्रश्न. लगेच नाही. कोकणातल्या दमट हवेत झाकण लावलं आणि पाणी गार असलं, की आतलीच वाफ काचेवर जमते. म्हणून कोरड्या खोलीत बंद करावं, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पण थेंब हलताना दिसला, तर चित्रीकरण थांबवायचं, सोबत्याला खूण करायची आणि नेहमीच्याच संथ गतीनं वर यायचं.

भाचा आता 'सेफ आहे' म्हणत नाही. "या वेळच्या बंद करण्यात अजून गळती आढळली नाही," म्हणतो. वाक्य लांबलंय खरं, पण तेवढंच त्याला माहीत असतं.