अर्ध्या घराची तपासणी

श्रावणात नृसिंहवाडीस दत्तदर्शन आटोपून, कृष्णा-पंचगंगेचे गढूळ पाणी घाटाच्या किती पायऱ्या चढले याची शिरस्त्याप्रमाणे चौकशी करून, मी उसाच्या शिवारातील एका जुन्या विहिरीवर जाऊन बसतो. कारण तिच्यावर ओणवलेल्या बाभळीला सुगरणींची वसाहत टांगलेली असते. मराठीने या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी ठेवले, बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय मादीलाच दिले. विणकाम मात्र सारे नराचे.

एरवी चिमणीच्या मादीसारखा मातकट असणारा हा नर पावसाळ्यात माथ्याने व छातीने पिवळाधमक होतो आणि त्याच्या गालांवर काळपट मुखवटा चढतो. उसाच्या पानाच्या कडेला चोचीने खाच पाडून, ती कड घट्ट धरून तो उडतो, तेव्हा वीतभर, कधी हातभर धांदोटी सुटून त्याच्यामागे फरफरत येते. आधी फांदीला गाठ, मग कडे, मग शिरस्त्राणासारखा घुमट, आणि त्याच्या आत चिकटविलेले ओल्या चिखलाचे गोळे. पुरा खोपा होईतो सुमारे 500 खेपा आणि 18 दिवस लागतात.

घुमट होताच मादी तपासणीस येते. नर पंख फडफडवून आर्जव करीत असता ती आतल्या आडव्या पट्टीवर बसून निमूटपणे धागे ओढून पाहते. एकच घुमट तिघींनी नामंजूर केलेला मी पाहिला आहे. मंजुरी मिळाली तरच अंड्यांची खोली व खाली लोंबणारी नळी पुरी होते. आणि मादी अंड्यांवर बसताच हा गृहस्थ दुसऱ्या घराचा पाया घालतो! सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला त्याचे हे बहुपत्नीकत्व नोंदविले.

आफ्रिकेतील कालाहारीत याचाच एक भाऊबंद आहे: चिमणीएवढा, तपकिरी, काळ्या हनुवटीचा, नर-मादी दिसायला सारखी. त्यांच्यात शेकडो जण मिळून झाडावर गवताची एकच प्रचंड गंजी रचतात, स्वतंत्र खोल्यांत राहतात आणि तीच वास्तू पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करीत वापरतात. ते एकत्र कुटुंब. आमची ही नुसती शेजाऱ्यांची वाडी, एका हंगामापुरती.

तरीही दिवाळीनंतर रिकामे दिसणारे खोपे दिवाणखान्याच्या शोभेसाठी उतरवून नेऊ नका. मुनिया त्यांत अंडी घालतात.