वायर त्यांची, राउटर आपला

बीएसएनएलचं 'डेटावन' ब्रॉडबँड १४ जानेवारी २००५ ला सुरू झालं, ऐन संक्रांतीला. नांदेडला आमच्या घरी ते पोचायला २००७ उजाडलं. तोवर नेट म्हणजे डायल-अप. ते चालू असलं की घरचा फोन बंद, आणि पुण्याहून कुणी फोन लावला की "तुमचा फोन दोन तास एंगेज होता" ही तक्रार ठरलेली. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०१३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. या काळात आमच्या घराने तीन कंपन्या बदलल्या. प्रत्येक वेळी वायरीपेक्षा घरातल्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्याने जास्त छळलं, आणि सुटकाही शेवटी त्यानेच केली.

२००७ मध्ये बीएसएनएलचा अर्ज भरताना काउंटरवर विचारलं गेलं, मोडेम भाड्याने, विकत, की स्वतःचा आणणार? मला तो प्रश्नच नवा होता. आमच्या वडिलांच्या पिढीला तो पडायचं कारण नव्हतं. तबकडीचा काळा फोन टेलिफोन खात्याचा, त्याला हात लावायचा तो लाइनमनने. १९८० च्या दशकात बटणांचे फोन बाजारात मिळायला लागले, बीटेल हे त्यातलं घरोघरी पोचलेलं नाव. पुढे तेच नाव मला मोडेमवरही दिसलं. फोनयंत्र आपलं असू शकतं हे लोकांच्या अंगवळणी पडलं. मोडेमच्या बाबतीत मात्र ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

मी भाड्याने घेतला. पहिल्याच जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, विजांनी तो जाळला. तांब्याची तार खांबावरून घरात यायची आणि वीज कुठे लांब पडली तरी तिचा झटका तारेतून थेट मोडेमपर्यंत. भाड्याचा असल्यामुळे दुसरा फुकट मिळाला, हा भाड्याचा खरा फायदा, तो नाकारायचा नाही. पण मिळाला तो अकरा दिवसांनी. पुढच्या पावसाळ्यात तो गेला तेव्हा मी थांबलो नाही. नांदेडच्या वजिराबादेतून वायफायवाला मोडेम विकत आणला आणि लाइनमनला घरी बोलावलं. त्याच्या खिशातल्या छोट्या डायरीत शेवटच्या पानावर आकडे होते. "साहेब, हे लिहून ठेवा, मग मला बोलवायचं कामच नाही," म्हणाला. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस, पीपीपीओई, युजरनेम, पासवर्ड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून मी ते एकेक भरले. डीएसएलचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. आपल्या घरातल्या यंत्राच्या पोटात काय चाललंय हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. तो शून्य-पस्तीस आजही तोंडपाठ आहे.

तेव्हाचे प्लॅनही आठवतात. १ जानेवारी २००७ पासून वेग २ एमबीपीएसपर्यंत गेला, पण महिन्याचा डेटा मोजका. ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोकळं, म्हणून पोरं गजर लावून उठायची. त्यात भारनियमन. इन्व्हर्टरवर पंखा नसला तरी चालेल, मोडेम हवाच, असा आमच्याकडे दंडक होता.

मोडेम आपला म्हणजे त्याची राखणही आपली, हे २०१७ ने शिकवलं. त्या जुलैत बीएसएनएलच्या जाळ्यातल्या मोडेमवर व्हायरसचा हल्ला झाला. ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, ॲडमिन-ॲडमिन, ते मोडेम बंद पडले आणि पासवर्ड बदला म्हणून कंपनीला सांगावं लागलं. भाड्याचा असो की स्वतःचा, ज्याने पासवर्ड बदलला नव्हता त्याच्या दारात चोर आला.

मग फायबर आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या मोबाइल नेटने सगळा हिशेब बदलला, ५ सप्टेंबर २०१९ ला जिओफायबर आलं, आणि गल्लीतले केबलवालेही खांबावरून काळी बारीक वायर ओढायला लागले. काचेच्या तंतूतून विजेचा झटका येत नाही, एवढ्यासाठीच मी आनंदाने जुनी तार सोडली. पण फायबरबरोबर 'फ्री राउटर' आला, आणि तिथे गोम होती. सहा महिन्यांचे पैसे आणि डिपॉझिट आगाऊ भरलं की डबा फुकट. कनेक्शन सोडताना परत. तोवर त्याच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीकडे.

मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्याची किंमत कळली. मुलगी अकरावीला लातूरला होती, ती घरी आली आणि क्लास ऑनलाइन झाले. डबा पुढच्या खोलीत, तिची खोली मागे, मधे तीन भिंती. फळ्यावरचा रेणू अर्धा दिसायचा आणि गोठायचा. वायफायचं चॅनल बदलून द्या म्हणून मी कंपनीला सतरा वेळा फोन केला. "सर, रीस्टार्ट करा," एवढंच उत्तर. शेवटी कनेक्शन सोडलं, तर डबा परत करूनही डिपॉझिट पाच महिने अडकलं.

२०२१ मध्ये नव्या कंपनीचा माणूस यायच्या आधीच मी स्वतःचा राउटर घेतला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण दुकानदारही ती गडबडीने सांगतात. फायबरच्या टोकाला जो डबा लागतो तो ओएनटी. प्रकाशाचा सिग्नल तो साध्या लॅन वायरीवर आणतो. तो कंपनीच्या यंत्रणेत त्याच्या सिरियल नंबरने नोंदलेला असतो, त्यामुळे तो बहुधा त्यांचाच राहतो. वायफाय देणारा राउटर ही वेगळी वस्तू, ती आपली असू शकते. ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकायला सांगायचा आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत. तिथे त्यांच्या डब्याचं वायफाय बंद करून लॅन वायरीने आपला राउटर मागे जोडायचा. घरापुरतं काम त्यानेही भागतं.

लातूरला माझी बहीण औसा रोडला राहते. वरच्या मजल्यावर क्लासची मुलं भाड्याने असतात, शाहू-दयानंद कॉलेजांच्या आणि अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने आलेली. २०२२ मध्ये तिचा फोन आला, "दादा, दोनशेचा प्लॅन घेतलाय, तरी पोरं रडायलीत." जाऊन पाहिलं तर राउटर २०१५ चा, मीच घेऊन दिलेला. त्याचं वायर घालायचं पोर्ट १०० एमबीपीएसचं. कंपनी दोनशे देत होती आणि डबा ९४ च्या वर जात नव्हता. गिगाबिट पोर्टचा, दोन बँडचा राउटर आणला. घर किल्लारीच्या भूकंपानंतर बांधलेलं, कॉलम-बीमला लोखंड सढळ हाताने घातलेलं. ५ गिगाहर्ट्झ त्यातून वर जाईना. तेव्हा जिन्यातून लॅन वायर नेऊन वरच्या मजल्यावर दुसरा राउटर लावला. मुलांची तक्रार त्या संध्याकाळी थांबली.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतःचा राउटर लावायची मुभा आहे, आणि जोडणीची माहिती कंपनीने न मागता द्यायची असते. आपल्याकडे मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. घरच्या नेटला मात्र तशी सोय नाही, कारण तिथे नंबर नसतो, डबा असतो. डबा कंपनीचा असला की कंपनी बदलताना टीव्ही, मोबाइल, कॅमेरा, प्रिंटर सगळ्यांत नवा पासवर्ड टाकत बसा, या कंटाळ्याने कितीतरी घरं वाईट सेवा सहन करतात. नांदेडात माझ्याच गल्लीत अशी चार आहेत. स्वतःचा राउटर लावायचा हक्क दूरसंचार नियामक ट्रायने लिहून द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एवढं करा. नव्या कनेक्शनचे पैसे भरण्याआधी विचारा: ब्रिज मोड देणार का, युजरनेम-पासवर्ड लिहून देणार का, आणि माझा राउटर लावला तर महिन्याचे पैसे किती कमी होतील? उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आमच्याकडे २०२४ मध्ये फायबरची तिसरी कंपनी आली. माणसाने ओएनटी बसवला, आमच्या राउटरला वायर जोडली, मी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड बदललं. वायफायचं नाव आणि पासवर्ड २०२१ चेच राहिले, आणि आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला कंपनी बदलल्याचं रात्री जेवताना कळलं.