पिंगुळीची पोथी आणि कॉमिक्सचा फुगा

आजऱ्याहून निघालेली गाडी आंबोली घाट उतरून सावंतवाडीत आली की बहुतेकांना गोव्याची ओढ लागते. पण तिथून कुडाळच्या वाटेला लागलं, तर कुडाळच्या अलीकडेच पिंगुळी आहे. चित्र आणि शब्द मिळून गोष्ट कशी सांगतात, हे या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एका आख्यानाच्या अशा चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र समोर उभं करतो, वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीवर प्रसंग गातो आणि मग पान बदलतो. चित्रात अक्षर नसतं. चेहरे बहुधा एका बाजूने रंगवलेले, डोळे टपोरे, पार्श्वभूमी जवळपास कोरी. लढाईत दोन्ही पक्ष समोरासमोर. ही काटकसर मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. कोण कुणासमोर उभा ठाकला, एवढंच चित्र सांगतं. आधी काय झालं, मनात काय चाललंय, पुढे काय होणार, ते सगळं गळ्यावर सोपवलेलं. चित्र क्षण धरून ठेवतं, गाणं काळ पुढे नेतं.

छापील कॉमिक्सला गळा नाही. म्हणून तिथे चौकटी आल्या, संवादाचे फुगे आले. 1967 साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकरांनी त्यात ‘कृष्ण’ चितारला. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तेव्हा आधी बोलणारं पात्र शक्यतो डावीकडे उभं करावं लागतं, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत जास्त अंतर लागतं. इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य बसवायचं तर ते छाटावंच लागतं. चांगला अनुवादक इथेच ओळखू येतो.

दोन चौकटींमधली कोरी पट्टी तर सर्वांत महत्त्वाची. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाऊड यांनी 1993 सालच्या पुस्तकात तिचा बारकाईने विचार केला. एका चौकटीत उगारलेली तलवार, पुढच्या चौकटीत किंकाळी. वार वाचक स्वतःच्या मनात करतो. पोथीचं पान बदलताना हेच घडतं, फक्त तिथे ती फट टाळ-वीणेने भरलेली असते.

चित्रात राजा रागावलेला दिसत असताना वरच्या पट्टीत ‘राजा रागावला’ असं लिहिणं म्हणजे वाचकाचा अपमान. आपल्या पौराणिक कॉमिक्समध्ये हा दोष पुष्कळ आढळतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शि. द. फडणीस. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा हा चित्रकार. तरुण-तरुणीपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, शब्दाविना एवढ्यावरच त्यांचं ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ अजून लक्षात आहे. शब्द कुठे थांबवावा, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांनी ओळखलं.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी घरच्या गोठ्यात उभं केलेलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय पाहता येतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन घाट उतरणार असाल, तर गोव्याआधी एक दिवस पिंगुळीला द्या, आणि चित्रं नुसती पाहून परतू नका. ती गाऊन दाखवायला सांगा.