उपकारस्तुतीचा रविवार

अहमदनगरचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. आमच्या पिढीच्या तोंडात मात्र अजून नुसते 'नगर'च येते, आणि या लेखापुरते ते तसेच राहू द्यावे. नगर म्हटले की कुणाला भुईकोट किल्ला आणि १९४२ ते ४५ या काळातले तिथले नेहरूंचे बंदिवासपर्व आठवते, कुणाला मेहेरबाबा, कुणाला जिल्ह्यातले साखर कारखाने. पण या शहराची आणखी एक ओळख आहे आणि ती शेजारच्या पुण्यातही फारशी ठाऊक नसते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या एका मोठ्या भागाचे नगर हे माहेर आहे.

बँकेच्या नोकरीत मी दोनदा नगरला होतो. १९८७ ते ९० शेतीकर्जांचा अधिकारी म्हणून आणि २०११ ते १३ शाखाधिकारी म्हणून. पहिल्या खेपेला एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. रविवारी सकाळी मास्तर पांढराशुभ्र सदरा घालून, बगलेत शास्त्र आणि गीतांचे पुस्तक घेऊन निघत. जिन्याखालून हाक येई, "साहेब, सलाम. येता का?" नगरचे ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतात. नमस्कारासारखाच तो शब्द तिथे घरगुती झालेला आहे. तिसऱ्या-चौथ्या हाकेला मी गेलो. पुढे तीन वर्षे, भक्त म्हणून नव्हे तर शेजारी म्हणून, बऱ्याच रविवारी जात राहिलो.

चर्च म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातले चर्च येते. मेणबत्त्या, गाऊन, गिटार आणि इंग्रजी. नगरच्या देवळात (मास्तरांच्या पिढीचे लोक चर्चला देऊळच म्हणत) यातले काही नव्हते. दारात चपलांची रास. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. कोपऱ्यात जुनी पायपेटी, शेजारी तबला आणि टाळ. गाणी अभंगाच्या, साकी-दिंडीच्या चालीवरची. डोळे मिटून बसले तर क्षणभर भजनी मंडळात आल्यासारखे वाटावे. याचे श्रेय पुष्कळसे रेव्हरंड ना. वा. टिळकांना. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी बराच काळ नगरला काढला आणि मराठी ख्रिस्ती भक्तीला देशी गळा दिला. ज्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आहेत त्यांना नगर आणि राहुरी परकी वाटणार नाहीत. टिळकांच्याही आधी, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. गोऱ्या साहेबाने सांगायचे आणि काळ्या माणसाने ऐकायचे, एवढाच हा मामला नव्हता.

आठवड्याच्या उपासनेचा क्रम ठरलेला. गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, सूचना, दान, उपदेश, आशीर्वाद. उपदेश लांबला की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होई, कारण रविवारी मटणाच्या दुकानावर उशिरा पोचणाऱ्याला हाडेच मिळतात, हे सत्य सर्वधर्मीय आहे. मला सगळ्यात आवडे तो सूचनांचा भाग. पाळकसाहेब चष्मा पुसून चिठ्ठ्या आणि पाकिटे हातात घेत आणि वाचत. अमक्यांच्या सुनेचे बाळंतपण सुखरूप झाले, उपकारस्तुती अकरा रुपये. तमक्यांचा मुलगा बारावीला दुसऱ्या खेपेस पास झाला, उपकारस्तुती एकवीस रुपये. एका नर्सबाईंनी रात्रपाळीहून दिवसपाळी मिळाल्याबद्दल पाच रुपये दिले होते. गावात काय चालले आहे, हे बँकेच्या काउंटरमागून जेवढे कळते त्याहून जास्त त्या दहा मिनिटांत कळे. माणसे पैसे कशाला काढतात हे बँकेलाही समजते, पण त्यांना हायसे कशाने वाटले ते बँकेच्या कुठल्याच फॉर्मवर लिहिलेले नसते.

दान गोळा होई ते मखमली थैलीत. थैली बाकाबाकांतून फिरे. मूठ आत जाई आणि रिकामी बाहेर येई. कुणी किती टाकले, काही टाकले की नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नसे. श्रीमंतांच्या देणग्यांपेक्षा गरीब विधवेच्या दोन टोल्या मोठ्या ठरल्या, ही शुभवर्तमानातली गोष्ट या मंडळींनी व्यवहारात आणली होती. उपासना संपल्यावर दोघेजण टेबलाशी बसून नाणी मोजत. वहीत दोघांच्या सह्या पडत आणि मगच पिशवीचे तोंड बांधले जाई. बँकवाल्याच्या डोळ्यांना हे दृश्य फार सुखावणारे होते. आता अनेक देवळांत दाराशी क्यूआर कोडची पाटीही दिसते. मोजणाऱ्यांचे काम हलके झाले हे खरे, पण मोबाइलवर दिलेल्या दानाला नाव चिकटते. थैलीला ते चिकटत नव्हते.

आता त्या मोठ्या रविवाराकडे वळतो. त्याला कुणी सुगीचा सण म्हणते, कुणी कापणीचा, तर कुणी उपकारस्तुतीचा. तारीख पंचांगाने ठरलेली नसते. ती मंडळी पिकांकडे पाहून ठरवते. नगर जिल्ह्यात बाजरी दिवाळीच्या आगेमागे घरात येते, तर ज्वारी रब्बीची, माघ-फाल्गुनातली. त्यामुळे एका गावचा सण नोव्हेंबरात, तर दुसऱ्याचा फेब्रुवारीत. माझ्या पाहण्यातल्या देवळात तो दिवाळीनंतर होई.

या सणाची कुळकथा दोन्हीकडची आहे. नगरला १८३१ मध्ये ठाणे उघडणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले, म्हणजे ज्या मुलुखात थँक्सगिव्हिंगची परंपरा वाढली तिथलेच. प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी १६२१ मध्ये पहिल्या सुगीनंतर जेवणावळ घातली, अशी त्यांची आठवण. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला, आणि १९४१ मध्ये कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. इंग्लंडातल्या चर्चमधला आजचा सुगीचा सण मात्र कॉर्नवॉलमधल्या मॉरवेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये सुरू केला, असे मानतात. आणि या दोघांच्याही कितीतरी आधी, जुन्या करारात, पहिले पीक देवापुढे नेण्याची आज्ञा आहेच. पण खरे सांगायचे तर नगरच्या शेतकऱ्याला यातले काहीच कुणी शिकवण्याची गरज नव्हती. नव्या धान्याचा पहिला घास देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, हे त्याच्या आजीने सांगितलेलेच होते. फक्त देवघर बदलले.

१९८८ ला पाऊस चांगला झाला होता. त्या वर्षीचा सण मी पहिल्यांदा पाहिला. वेदीच्या दोन्ही खांबांना उसाचे वाढे बांधलेले. समोर बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, भुईमुगाच्या शेंगा, लाल भोपळे, गुळाची ढेप, अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो उपदेशाच्या मध्येच ओरडला आणि पाळकसाहेबांनाही हसू आवरले नाही. ज्यांना शेती नाही ती शहरी माणसेही रिकाम्या हाताने आली नव्हती. शिक्षिकेने विणलेला टेबलावरचा रुमाल, एसटीच्या ड्रायव्हरने पहिल्या बोनसमधून आणलेली साखर, कुणी घरचा केक, कुणी पुरणपोळ्यांची चळत. प्रार्थना झाली, आणि मग बाहेर पटांगणात लिलाव.

लिलाव या शब्दाला आमच्या खात्यात फार कडू वास असतो. जप्तीचा ट्रॅक्टर, दारात रडणारी बाई आणि पडलेल्या भावात उचलणारे दलाल, एवढेच मी तोवर पाहिले होते. हा लिलाव उलटा होता. येथे प्रत्येकाला महाग घ्यायचे होते. आठ आण्यांचे लिंबू वीस रुपयांना गेले. "एकवार, दोनवार, तीनवार" झाल्यावर घेणाऱ्याने ते पुन्हा टेबलावर ठेवले, "पुन्हा लावा". ते आणखी दोनदा विकले गेले. एका तारणावर तीन कर्जे दिल्याबद्दल आमच्याकडे निलंबन होते, हे मी मास्तरांच्या कानात सांगितले.

तरीही मला एक गोष्ट खटकली. आठवडाभर दानाची मूठ झाकून ठेवणारा हा समाज त्या दिवशी मोठ्या आवाजात बोली लावतो, आणि ज्याच्याकडे आवाज आहे त्याच्याकडे सगळे पाहतात. केकवर डोळा असलेली दोन मुले वडिलांचा सदरा ओढत होती आणि वडील दुसरीकडे पाहत होते, हेही मी पाहिले. मास्तरांना बोललो. ते म्हणाले, "खरंय साहेब. म्हणून तर आमची बायकामंडळी केक कापूनच लिलावाला आणतात. तुकडा-तुकडा." नंतर पाहिले तर खरेच त्या मुलांच्या हातात तुकडे होते. माझी शंका पूर्ण फिटली नाही, पण तिचे टोक जरा बोथट झाले.

याच मास्तरांकडून मी दुष्काळाचा विषय पहिल्यांदा नीट ऐकला. १८७६ ते ७८ आणि १८९९–१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मिशनने नगर भागात अन्न दिले, कामे काढली, अनाथ पोरे सांभाळली. रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांना त्या कामाबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. याच काळात पुष्कळ दलित कुटुंबे ख्रिस्ती झाली, आणि तेव्हापासून 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा या समाजाच्या मागे लागला. मास्तरांचे आजोबा १९०० मध्ये सात-आठ वर्षांचे असताना बहिणीचा हात धरून मिशनच्या आवारात आले होते. मी चाचरत विचारले, तो टोमणा ऐकून काय वाटते? मास्तर म्हणाले, "भाकरीसाठीच आले होते. भूक लागली होती." एवढेच. मग चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्याआधी गावानं त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, ते मात्र टोमणा मारणारे विसरतात."

दुसऱ्या खेपेला मी नगरला होतो तेव्हा २०१२ चा पाऊस गेला होता. मास्तर नव्हते, त्यांची थोरली लेक, निवृत्त मेट्रन, आता घर चालवत होती. मी त्यांना ताई म्हणे. त्या मंडळीच्या कमिटीवर होत्या. सण नोव्हेंबरात घ्यायचा की परतीच्या पावसाची वाट पाहायची यावर वाद झाला आणि तो पुढे ढकलला. पाऊस आला नाही. टँकर आले, चाराछावण्या आल्या. जानेवारीच्या बैठकीत एक तरुण उभा राहिला, असे ताईंनी सांगितले. त्याने विचारले, "बाजरी जळाली, विहीर आटली. उपकार कसले मानायचे? यंदा नुसता उपवास घ्या." कमिटीतल्या जाणत्यांना त्याचा राग आला. ताईंना नाही आला. त्या म्हणाल्या, "उपवास तर चाललाच आहे रे बाबा. तो घ्यायला कमिटी कशाला?" सण ठरला. लिलाव घ्यायचा नाही असेही आधी ठरले, आणि मग गावाकडच्या मंडळींच्याच आग्रहाने पुन्हा ठेवला.

जानेवारी २०१३ च्या त्या रविवारी वेदीसमोर ऊस नव्हता. विकतचा आणून बांधू नये, असे ताईंनी बजावले होते. चार-दोन भोपळे, बाजाराची केळी, गव्हाची एक पाटी आणि बाकी टेबल उघडे. पाळकसाहेब नवे होते, तरुण. त्यांनी उपदेशाला हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय घेतला. त्यात अंजिराला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असा आशय येतो. 'गोठ्यात गुरे नाहीत' या शब्दांशी ते थांबले. देवळात निम्मी माणसे अशी होती की ज्यांची गुरे खरोखरच गोठ्यात नव्हती, छावणीत होती. पाळकसाहेबांनी पुढचे वाक्य लगेच वाचले नाही. मला वाटते त्यांना ते वाचवले नाही. पायपेटीवाल्याने गीत सुरू केले.

लिलाव अर्ध्या तासात आटोपला. शेवटी छावणीतून आलेल्या एका शेतकऱ्याने स्टीलचा डबा पुढे केला. दोन लिटर दूध. छावणीतल्या त्याच्या म्हशीचे. चारा सरकारचा, पाणी टँकरचे, म्हैस बँकेच्या कर्जाची (आमच्याच शाखेची, पण ते मी तिथे बोललो नाही). बोली शंभरावर सुरू झाली. ज्याने सणाला विरोध केला होता तो तरुण पाचशेवर आला, कुणीतरी सहाशे म्हणाले, तो सातशे म्हणाला. "तीनवार." डबा घेऊन तो थेट बायकांच्या बाजूला गेला आणि ताईंना म्हणाला, "चहाला घ्या." त्या दिवशी पटांगणात सगळ्यांना चहा मिळाला, दूध जरा पातळ करावे लागले. वहीत खजिनदारांनी लिहिले : दूध, दोन लिटर, सातशे रुपये. खाली दोन सह्या. सोमवारी ते पैसे आमच्या काउंटरला भरले गेले आणि त्याच आठवड्यात छावणीवरच्या पेंढीसाठी काढले गेले.