कूलरच्या ताट्या

मार्च उलटला की नागपुरात गच्च्या-गॅलऱ्यांमधून पत्र्यांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. झाकून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. आमचा जुना, पत्र्याचा. तीन बाजूंच्या जाळ्या उघडल्या की गेल्या वर्षीची वूडवूल, म्हणजे लाकडाचा कुरळा कीस, हातात चुरते. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी पांढरी पडलेली असते. ती झटकायची, टाकीचा गंज घासून आत डांबर फासायचं, पंख्याला तेल द्यायचं, पंपात अडकलेला कचरा काढायचा.

खरं कसब ताट्या भरण्यात. वूडवूल दाबून भरली तर हवा अडते. विरळ भरली तर ओली होऊन खाली बसते आणि वर फट पडते. वरच्या पन्हळीचं एक भोक बुजलं तरी तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून झळ सरळ घरात येते. ताट्या भरणारे भाऊ बोटांनी चाचपून सांगतात, "अजून थोडी टाका जी, नवतपात बसते हे." नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस.

आजोबांकडे दारांना वाळ्याच्या ताट्या असत आणि दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा पोरांचं. ते काम पुढे पंपाने घेतलं, इतकाच फरक. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मे महिन्यातल्या आमच्या कोरड्याठाक हवेत ही वाफ झपाट्याने होते. २३ मे २०१३ रोजी इथला पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हाही कूलर कामाचा होता. मुंबईत तोच नुसता घाम वाढवेल.

आता बाजारात कागदी हनीकोंब आलंय. काही वर्षं बघायला नको म्हणतात. गारवा देतं, पण वाळ्याचा वास कुठला! बेडरूममध्ये एसी आला, तशी "दार लाव" ही ओरड सुरू झाली. कूलरला उलट समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओल साचते. त्यामुळे हॉलमध्ये अजून कूलरच आहे, आणि शेजारच्या घरातल्या मालिकेचं कथानक आम्हाला तोंडपाठ आहे.

जूनमध्ये हवा दमट झाली की तो निरुपयोगी. महापालिकेची माणसं डेंग्यूच्या अळ्या शोधत येण्याआधी टाकी कोरडी करायची. झाकायची घाई मात्र मी करत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरात कुणी ना कुणी तो परत लावायला लावतंच.