व्हेनिसचा सान मार्को चौक व तेथील पोथीशाळा

व्हेनिसच्या सान मार्को चौकाचे दोन भाग आहेत. मोठा चौक मंदिरापुढें पश्चिमेस पसरलेला आहे. लहान चौक मंदिराच्या दक्षिण अंगानें पाण्यापर्यंत जातो, त्यास पियात्सेत्ता म्हणतात. या लहान चौकाच्या पूर्वेस डोजचा, म्हणजे गणराज्याच्या अध्यक्षाचा, राजवाडा आहे. पश्चिमेस एकवीस कमानींची लांब दुमजली इमारत आहे. प्रवासी बहुधा घुमट व कबुतरें पाहून परततात. हस्तलिखितांचा नाद असणाऱ्यांनीं मात्र प्रथम या दुसऱ्या इमारतीकडे वळावें. कारण एका पोथीसंग्रहास घर हवें होतें म्हणून ती उभी राहिली.

तो संग्रह कार्डिनल बेसारिओन याचा. हा मूळचा त्रेबिझोंदचा ग्रीक. इ. स. १४५३ त कॉन्स्टंटिनोपल तुर्कांच्या हातीं पडल्यावर ग्रीक विद्या समूळ नष्ट होईल या भयानें त्यानें पोथ्या मिळवण्याचा व नकलून घेण्याचा उद्योग अधिकच नेटानें चालविला, आणि १४६८ त सुमारें ७५० ग्रंथ व्हेनिसच्या गणराज्यास दान केले. अट एकच: ते लोकांच्या उपयोगीं पडावे. यापूर्वीं, १३६२ त, कवि पेत्रार्क यानें आपले ग्रंथ याच राज्यास देऊं केले होते. परंतु तो बेत सिद्धीस न जातां ते अन्यत्र गेले. त्या वेळीं हातचें गेलें तें आतां अनायासें आलें. पण आलेल्याची व्यवस्था काय झाली? पेट्या राजवाड्यांत पडून राहिल्या. त्याच शहरांत आल्दुस मनुत्सिओ १५१५ पर्यंत ग्रीक ग्रंथ छापीत होता, तरी त्याच्या आवृत्त्यांत या पोथ्यांचा फारसा उपयोग झालेला दिसत नाहीं. आमच्याकडील वाड्यांच्या माळ्यांवर बांधून ठेवलेले रुमाल ज्यांनीं सोडले आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

१५३० त पिएत्रो बेम्बो ग्रंथपाल झाला व इमारतीची निकड बोलली जाऊं लागली. काम याकोपो सान्सोविनो याजकडे आलें. १५२७ त रोम लुटलें गेलें तेव्हां हा शिल्पी तेथून निघून व्हेनिसला आला होता. पोथीशाळेचा आरंभ १५३७ त झाला. तिच्या शेजारची टांकसाळ व घंटाघराच्या पायथ्याची लॉज्जेत्ता हींही त्याचींच कामें. रोमन धर्तीप्रमाणें तळमजल्यास डोरिक व वरच्यास आयोनिक स्तंभ आहेत. डोरिक पट्टीचा कोपरा हा त्या काळच्या पंडितांचा मोठा वादविषय. प्राचीन ग्रंथकार व्हित्रुव्हियस याच्या मतें पट्टीच्या टोंकास अर्धा मेटोप, म्हणजे दोन उभ्या रेघोट्यांच्या दगडांमधील चौकोनाचा अर्धा भाग, यावा. पण स्तंभांचीं अंतरें सांभाळून तो येईना. सान्सोविनोनें कोपऱ्याचा खांबच रुंद केला आणि पट्टीस हवी तेवढी जागा मिळवून दिली. उपाय साधा खरा, परंतु तो कोपरा प्रत्यक्ष पाहिल्यावांचून त्याची खुबी ध्यानांत येत नाहीं.

१५४५ च्या डिसेंबरांत वरील दालनाची दगडी कमान कोसळली. थंडीनें व तोफांच्या धक्क्यानें असें घडलें, हें त्याचें म्हणणें कोणीं मानलें नाहीं. त्यास तुरुंगांत टाकलें. चित्रकार तित्सियानो प्रभृति मित्रांच्या रदबदलीनें तो सुटला, पण नुकसानीचा बोजा त्याच्या अंगावर बसला. पुढें दगडी कमानीचा नाद सोडून लांकडी छप्पर घातलें. दालनाच्या छतावरील एकवीस वर्तुळाकार चित्रें सात चित्रकारांनीं १५५६-५७ च्या सुमारास काढलीं; त्यांत पावलो वेरोनेझे यास सोन्याची सांखळी बक्षीस मिळाली. सान्सोविनो १५७० त वारला. पाण्याकडील उरलेल्या कमानी स्कामोत्सीनें पुढें पुऱ्या केल्या.

आतां पोथ्यांविषयीं. बेसारिओनच्या दानांत होमरच्या इलियडची दहाव्या शतकांतील एक चर्मपत्रावरील प्रत होती. त्या काव्याची ही सर्वांत जुनी, जवळजवळ संपूर्ण प्रत होय. तिच्या समासांत अलेक्झांड्रियाच्या पंडितांच्या पाठचर्चा दाट अक्षरांत उतरलेल्या आहेत. दानानंतर तीनशें वर्षांनीं, १७८८ त, फ्रेंच पंडित व्हिल्वाझों यानें त्या टीपा छापल्या. मग १७९५ त वोल्फ यानें त्यांच्याच आधारें होमरचा पाठ कसा घडत गेला हा प्रश्न उभा केला. मूळ संहितेइतकाच समासही नकलून घ्यावा, असें प्रस्तुत लेखक म्हणतो तें यासाठींच.

नेपोलियनच्या अमलांत मोठ्या चौकाची पश्चिम बाजू पाडून राजवाड्याचा नवा भाग बांधला. त्यांत सान्सोविनोनें दर्शनी बाजू रचलेलें सान जेमिनिआनोचें मंदिर नाहींसें झालें. पोथ्याही १८१२ च्या सुमारास पुन्हां डोजच्या राजवाड्यांत गेल्या. १९०२ च्या १४ जुलैस घंटाघर ढांसळलें. लॉज्जेत्तेचा चुराडा झाला व पोथीशाळेचा त्या बाजूचा कोपरा फुटला. मनुष्यहानि झाली नाहीं. लॉज्जेत्ता तुकडे जुळवून पुन्हां उभारली, आणि घंटाघर १९१२ त पूर्ववत् झालें. ग्रंथ १९०४ त टांकसाळीच्या इमारतीत नेले. जुनें दालन १९२४ त संस्थेस परत मिळालें.

हिंदुस्थानच्या अभ्यासकांनीं या संग्रहांतील फ्रा माउरो या साधूचा, सुमारें १४५० चा, वर्तुळाकार नकाशाही पाहावा. विजयनगरापर्यंत जाऊन आलेल्या निकोलो दे कोंती याच्या माहितीचा त्यांत उपयोग केलेला आहे. त्यावर दक्षिण दिशा वरतीं आहे. हें लक्षांत न ठेवल्यास आपला देश शोधण्यांत बराच वेळ जातो.