युनिक्ससदृश प्रणालींवरील सिरियल पोर्ट ड्रायव्हर : स्थापना व निष्कासन (शिरूर व दौंड तालुक्यांतील दूध संकलनाच्या संदर्भात)

शिरूर व दौंड या भीमाकाठच्या तालुक्यांत ऊस आणि दूध या दोन्हींचा हिशेब काट्यावर ठरतो. इलेक्ट्रॉनिक काटा किंवा फॅट मोजणारे यंत्र आपला आकडा संगणकाकडे पाठविते ते बहुधा सिरियल पोर्टमधूनच. १९६० मध्ये अमेरिकेत निश्चित झालेले आरएस-२३२ हे मानक त्यासाठी आजही वापरात आहे. मात्र नव्या संगणकांवर नऊ पिनांचा पोर्ट क्वचितच आढळतो, म्हणून यूएसबी रूपांतरक केबल जोडावी लागते. प्रस्तुत लेखात लिनक्सवर अशा केबलचा ड्रायव्हर बसविणे व काढणे यांचे विवेचन केले आहे.

मूळ सिरियल पोर्टचा '८२५०' हा ड्रायव्हर बहुतेक लिनक्स वितरणांत कर्नलमध्येच अंतर्भूत असतो. तो वेगळा बसवावा लागत नाही, आणि काढताही येत नाही. रूपांतरक केबलचे ड्रायव्हर मात्र स्वतंत्र मॉड्यूल असतात. केबलमधील चिपनुसार 'सीएच३४१', 'पीएल२३०३' किंवा 'एफटीडीआय_एसआयओ' यांपैकी योग्य ते मॉड्यूल केबल जोडताच आपोआप दाखल होते. तसे न झाल्यास 'मॉडप्रोब' ही आज्ञा द्यावी. केबलसोबत मिळणाऱ्या सीडीवरील ड्रायव्हर संकलित करण्याचा खटाटोप सहसा अनावश्यक, किंबहुना त्रासदायक ठरतो. कर्नल बदलला की तो पुन्हा संकलित करावा लागतो. पोर्ट दिसूनही उघडत नसेल, तर वापरकर्त्याचा समावेश 'डायलआउट' गटात आहे की नाही, हे आधी पाहावे.

खरी अडचण नावांची आहे. गाईच्या व म्हशीच्या दुधासाठी एकाच बनावटीचे दोन काटे जोडले असता त्यांना 'टीटीवाययूएसबी०' व 'टीटीवाययूएसबी१' ही नावे यंत्र ओळखले जाण्याच्या क्रमाने मिळतात. वीज जाऊन आल्यावर हा क्रम उलटू शकतो. मग म्हशीच्या दुधाचे वजन गाईच्या खात्यात नोंदले जाते. पडद्यावर आकडा येतच असल्याने चूक ध्यानात येत नाही, आणि दर वेगळे असल्याने तोटा उत्पादकाचा होतो. 'सीएच३४०' चिपच्या स्वस्त केबलमध्ये बहुधा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो. म्हणून अशा ठिकाणी अनुक्रमांकावर विसंबण्यापेक्षा 'डेव्ह/सिरियल/बाय-पाथ' या निर्देशिकेतील, म्हणजे केबल ज्या सॉकेटमध्ये बसविली आहे त्यावर आधारलेले, नाव वापरावे. अर्थात केबल पुढे त्याच सॉकेटमध्ये राहिली पाहिजे. सॉकेटवर रंगाची खूण केलेली बरी.

ड्रायव्हर काढण्यासाठी 'मॉडप्रोब -आर' ही आज्ञा आहे. एखादा प्रोग्रॅम पोर्ट वापरत असेल, तर मॉड्यूल वापरात असल्याचे सांगून प्रणाली नकार देते. हा नकार डावलून सक्तीने मॉड्यूल काढल्यास कर्नल कोलमडण्याचा धोका असतो. त्याऐवजी 'फ्यूजर' या आज्ञेने तो प्रोग्रॅम शोधून बंद करावा. सकाळचे संकलन आटोपल्यावर आणि सायंकाळचे सुरू होण्यापूर्वी हे काम करणे इष्ट. काढलेले मॉड्यूल केबल पुन्हा जोडताच परत दाखल होते. ते टाळायचे असेल तर 'मॉडप्रोब.डी' निर्देशिकेत 'ब्लॅकलिस्ट' नोंद करावी लागते.

कधी दोष ड्रायव्हरचा नसतोच. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल उपकरणांसाठी असलेला 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्रॅम 'सीएच३४०' केबलला ब्रेल उपकरण समजून तिचा ताबा घेई व पोर्ट नाहीसा होई. ब्रेल उपकरण वापरात नसल्यास अशा वेळी तो प्रोग्रॅम काढावा, ड्रायव्हर नव्हे. फ्रीबीएसडीवर याच केबलसाठी 'यूसीएचकॉम' मॉड्यूल असून ते 'केएलडीलोड'ने दाखल व 'केएलडीअनलोड'ने दूर केले जाते.